पुलाचे फूट आणि हवामानाचे टक्के

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात गावी जाऊन आले. गाव कृष्णेच्या काठावर, भिलवडीच्या पट्ट्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर भावकीतले दोन फोन नक्की येतील. मी पुण्यात पावसाच्या नोंदींवर काम करते, म्हणून सरपंच म्हणाले, "ताई, पाऊस लागायच्या आत एकदा या आणि पुराचं काय ते सांगून जा." सोसायटीच्या हॉलमध्ये रात्री साडेआठला बैठक होती. पन्नासेक माणसं होती, त्यात बाया आठ-नऊ, त्याही दाराजवळ.

मी हौसेने तयारी करून गेले होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास सांगितला: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, तेही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझे एक चुलत आजोबा म्हणाले, "ह्ये खरं आसंल, पोरी. पर मोटार कवा काढायची, त्ये सांग."

तिथून पुढचा दीड तास फक्त मोटारींवर गेला.

नदीकाठचे नसलेल्यांसाठी सांगते. काठावर ओळीने शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात. पाणी चढायला लागलं की त्या काढून वर आणाव्या लागतात. चार माणसं, चेनब्लॉक, ट्रॅक्टर. काढायचा आणि परत बसवायचा खर्च आमच्याकडे चार हजारांच्या घरात जातो. बुडाली तर रिवाइंडिंग, बेअरिंग, स्टार्टर धरून वीस हजार. शिवाय पूर ओसरल्यावर सगळ्या गावाच्या मोटारी एकदम वर्कशॉपला, त्यामुळे नंबर लागेपर्यंत ऊस वाळत उभा. चार हजार भागिले वीस हजार, म्हणजे मोटार बुडायची शक्यता पाचात एक, वीस टक्के, असली तरी काढून ठेवणं फायद्याचं. आम्ही अंदाजात "चाळीस टक्के शक्यता" म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं, पन्नासही नाहीत, बघू उद्या. पण मोटारीच्या हिशेबात चाळीस म्हणजे उशीरच.

हे गणित मी आधी कधीच केलं नव्हतं. दहा वर्षं टक्के काढते आहे, पण हे टक्के कोणाच्या कुठल्या खर्चापुढे ठेवायचे ते विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट निघाली ती इशाऱ्यांची. सांगली जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट असला काय आणि नसला काय, आम्हाला त्याने काही कळत नाही. आमचा पूर आमच्या पावसाने येतच नाही. सांगलीत ऊन पडलेलं आणि नदी पात्राबाहेर, हे लहानपणापासून बघतोय. पाणी येतं महाबळेश्वर, नवजा, कोयनेच्या डोंगरातून. म्हणजे गावाने बघायचा तो सातारा घाटाचा इशारा. हवामान खातं हल्ली घाटांचे इशारे वेगळे देतं, पण बैठकीतल्या एकालाही ते माहीत नव्हतं, कारण मोबाइलवर "सांगली" टाकलं की सांगलीचंच येतं.

तिसरं म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल, तिथे पाणी किती फूट चढलं ते मोजतात. सगळी सांगली आणि आजूबाजूची गावं पुराची भाषा आयर्विनच्या फुटांत बोलतात: ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. पण आमचं गाव आयर्विनच्या वरच्या अंगाला आहे, आमच्याकडे पाणी आधी येतं! आम्ही टीव्हीवर बघतो तो खालच्या गावाचा आकडा. खरं तर कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल हे बघायला हवेत. पूरकाळात तेही आकडे रोज निघतात, पण ते वाचायचे कसे, म्हणजे बहेला इतकं झालं तर आपल्या घाटाच्या कितव्या पायरीला पाणी, हे कोणी मांडलेलं नाही.

तर प्रश्न असा. गावातल्या निर्णयांची यादी आधी करायची, प्रत्येकाला किती आधी कळायला हवं आणि चुकलं तर काय जातं ते लिहायचं, आणि मग संशोधनाकडे वळायचं, असं उलट्या बाजूने कोणी काम केलंय का? यादी मी सुरू केली आहे: मोटारी, जनावरं, धान्य माळ्यावर टाकणं, म्हातारी आणि बाळंतिणी. आणि पुढच्या वीस वर्षांचा एक: ग्रामपंचायतीची नवी इमारत कुठे आणि जोतं किती उंच.

---

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री १०:०५

आमच्याकडे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात "किती झालं?" म्हटलं की कोणी घड्याळ बघत नाही 😄 राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दरवाज्यांपेक्षा जास्त वेगाने वाहतो.

पण ताई, मोटारीचं गणित आवडलं. आजवर चाळीस टक्के म्हणजे नापास असंच वाटायचं.

---

पाटकरी | रविवार, रात्री ११:२०

धागा वाचून राहवलं नाही. पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त.

तुमच्या बैठकीत एक गोष्ट सुटली असावी, ती मोजमापांची. धरणवाला बोलतो टीएमसीत (अब्ज घनफूट), गेटवाला क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), हवामानवाला मिलिमीटरमध्ये, पूररेषेचा नकाशा समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, आणि गाव बोलतं फुटांत. पाच माणसं पाच भाषा, आणि पाचही जण खरंच बोलत असतात. ११,५७४ क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी, म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, पण "साहेब, पन्नास हजार सोडलं तर आमच्या दारात किती?" याचं उत्तर नोकरीत असतानाही मी एका वाक्यात देऊ शकलो नाही.

कारण ते सरळ गुणाकाराचं नाही. नदी पात्रात असते तोवर भराभर चढते. पात्राबाहेर पडून शिवारात पसरली की तेवढ्याच पाण्याला फूट चढायला जास्त वेळ लागतो. खाली हरिपूरला वारणा, नरसोबावाडीला पंचगंगा. त्या फुगलेल्या असल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. त्यामुळे "कोयनेतून सोडलेलं पाणी इतक्या तासांत पोचतं" असा एकच आकडा जो कोणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नदी आधी किती भरलेली आहे ते आधी विचारा.

आणि धरणवाल्यांना शिव्या घालण्याआधी एवढंच लक्षात घ्या, की ऑक्टोबरच्या मध्याला धरण भरलेलं पाहिजे हाही लोकांचाच निर्णय आहे. ऑगस्टमध्ये जागा मोकळी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला तर त्याच साहेबाला उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनासाठी घेराव पडतो. त्याच्या टेबलावरही टक्केच असतात.

---

सांख्यिक | सोमवार, सकाळी ७:१५

@कृष्णाकाठची, खर्च भागिले नुकसान हा उंबरठा बरोबर आहे, पण यादीतल्या पुढच्या ओळीला तो तसाच लावू नका. जनावरांचं बघा. चार म्हशी आठवडाभर हलवायला टेम्पो, वैरण धरून दहा हजार समजा, आणि म्हशींची किंमत तीन-चार लाख. भागाकार केला तर तीन टक्के शक्यतेलाच हलायला हवं. कोणी हलतं का?

---

कृष्णाकाठची | सोमवार, सकाळी ८:०२

नाही हलत. आणि ती माणसं अडाणी आहेत म्हणून नव्हे. दहा हजार हा खरा खर्चच नाही. पाहुण्यांच्या दारात आठवडाभर चार म्हशी बांधायच्या, त्यांची वैरण संपवायची, म्हैस जागा बदलली की दूध आटवते ते वेगळं, आणि पाणी आलंच नाही तर पुढच्या लग्नकार्यात "यंदा कवा येताय म्हशी घिऊन?" हे ऐकायचं.

---

सांख्यिक | सोमवार, सकाळी ८:४०

तेही आहेच. पण मला म्हणायचं होतं ते वेगळं. मोटारीला आज नाही काढली तर उद्या काढता येते, काहीसं तसंच जनावरांचंही. निर्णय "आज की कधीच नाही" असा नसतो, "आज की उद्या" असा असतो. थांबून जास्त माहिती मिळते, म्हणून माणसं थांबतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. फक्त एका क्षणापर्यंत. तो क्षण म्हणजे गोठ्यात पाणी येण्याचा नव्हे, गावाबाहेर जायचा रस्ता बुडण्याचा. तो कधी बुडतो हे तुमच्या यादीत नाही.

---

कृष्णाकाठची | सोमवार, सकाळी ९:१०

हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून होते. ब्रह्मनाळ आमच्यापासून लांब नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला तिथे नाव उलटली ती रस्ते बंद झाल्यावर, पाण्याने वेढलेल्या गावातून माणसं काढताना. आमच्या गावात घरोघरी पाण्याच्या खुणा आहेत, पण ओढ्यावरचा फरशी पूल किती फुटाला जातो, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. सगळ्यांना "अंदाज" आहे.

---

गावठी_शंका | सोमवार, दुपारी १:३०

सगळं छान चाललंय, जरा खडा टाकतो.

संशोधन लोकांच्या उपयोगी पडत नाही कारण शास्त्रज्ञांची भाषा कठीण, हे अर्धंच खरं. कित्येकदा लोकांना ते चांगलं कळतं आणि म्हणूनच नको असतं. पूररेषा घ्या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. नकाशा आला की निळ्याच्या आतल्या प्लॉटची किंमत रात्रीत पडते. आमच्या शहरात (कुठलं ते सोडा) रेषेवरून जितक्या हरकती आल्या, तितक्या पाणी ओसरल्यावर मदतीच्या याद्यांवरही आल्या नसतील. ज्याने आयुष्यभराची बचत घालून अडीच गुंठे घेतलेत, त्याला तुम्ही अचूक नकाशा देता, म्हणजे काय देता? त्याच्या दृष्टीने तोच पूर.

आणि शंभर वर्षांतून एकदा म्हणे! २००५, २०१९, २०२१. आमची शंभर वर्षं फार लवकर भरतात.

---

सांख्यिक | सोमवार, दुपारी ३:०५

"शंभर वर्षांतून एकदा" हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याला लाल रेषेच्या आत प्लॉट द्यायला हवा. त्याचा अर्थ फक्त दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच. यंदा आला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी नाही. घराचं कर्ज तीस वर्षांचं धरा: त्या काळात लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी यायची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेला ७१ टक्के. बँकेच्या कागदावर हे दोन आकडे छापले असते तर अडीच गुंठे घेताना माणसाने निदान जोतं तरी वर घेतलं असतं.

शिवाय हे गणित जुन्या नोंदींवरचं. पाऊसच बदलत असेल तर रेषा जागच्या जागी राहून तिचा अर्थ बदलतो. निळी रेषा २५ ची राहील, असं कोणी लिहून दिलेलं नाही.

---

मान्सूनवेडा | सोमवार, सायंकाळी ६:५०

इथे थोडा ब्रेक लावतो. २०१७ च्या त्या अभ्यासातला "मध्य भारत" हा एक मोठा चौकोन आहे. तिथे तिप्पट म्हणजे नवजाला तिप्पट, असं त्यातून निघत नाही. गावात सांगताना हा फरक सांगितलात का ताई? नाहीतर पुढच्या वर्षी कोरडं गेलं की "पुण्याची बाई तिप्पट म्हणाली होती" हे कायमचं चिकटेल.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि डोंगर उतरून वाईला आलं की हजारही नाही. एवढ्याशा अंतरात एवढा उतार. २०१८ पासून १२ किलोमीटरच्या चौकटींचं अंदाजाचं मॉडेल चालतं, तेच २१ वेळा थोड्या वेगळ्या सुरुवाती देऊन, टक्के त्यातूनच निघतात. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरचं भारत फोरकास्ट सिस्टीम आलं. घाटासाठी हे नक्कीच चांगलं. पण चौकट बारीक झाली की गावाचा प्रश्न सुटला, असं समजणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत आणि मीही परवापर्यंत त्यांतलाच होतो. मोटार कधी काढायची ते ६ किलोमीटरमध्येही लिहिलेलं नसतं.

---

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ८:१५

नाही सांगितला. चूक झाली. पुढच्या वेळी सांगेन.

---

डेल्फ्टकर | मंगळवार, पहाटे २:४० (इथे अजून सोमवारच)

मूळचा मिरजेचा, गेली चौदा वर्षं नेदरलँड्समध्ये. "तिकडे किती छान" असं लिहिणार नाही, पण @गावठी_शंका यांच्या खड्याला इथली एक गोष्ट जोडावीशी वाटते.

१९९५ च्या जानेवारीअखेर इथे नद्या फुगल्या आणि अडीच लाख माणसं हलवावी लागली. बांध फुटले नाहीत, पण देश घाबरला. मग हिशेब बदलला: ऱ्हाइन जर्मनीतून देशात शिरते त्या लोबिथला आधी सेकंदाला १५,००० घनमीटर पाणी धरून बांध आखत, ते १६,००० केलं. (पाटकरी काकांसाठी: साधारण साडेपाच लाख क्युसेकच्या वर.) आता बांध उंच करत बसायचं, की नदीला जागा द्यायची? जागा द्यायचं ठरलं, आणि जागा म्हणजे कोणाची तरी शेती.

ओव्हरडीप्से पोल्डर (पोल्डर म्हणजे बांधांनी घेरलेली सखल जमीन) नावाचा एक तुकडा आहे, दुधाची जनावरं पाळणाऱ्यांचा. त्यांना कळलं की सरकारच्या नकाशात आपली जमीन पाण्याखाली जाणार. ते आधी भडकले, मग स्वतःचा आराखडा घेऊन आले: उत्तरेचा बांध बुटका करा, मोठ्या पुराला पाणी आत येऊ द्या, पण आमची घरं-गोठे दक्षिणेच्या बांधाला लागून मातीच्या उंच टेकाडांवर बांधून द्या. बरेच जण पैसे घेऊन दुसरीकडे गेले, मोजकी घरं टेकाडांवर राहिली. २०१५ च्या सुमाराला काम पुरं झालं.

मी सायकलने तिथे गेलोय. टेकाड म्हणजे आपल्याकडचं पांढरीचं गावच हो. जुनी गावं उंचवट्यावरच असायची ना? खाली काळी, वर पांढरी.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं की नदीत किती पाणी धरायचं हा आकडा शेतकऱ्यांनी ठरवला नाही आणि त्यावर त्यांचं मतही विचारलं नाही. पण त्या आकड्याचं काय करायचं हे ठरवायला त्यांना वर्षं मिळाली, त्यांच्या बाजूने हिशेब करणारी माणसं मिळाली, आणि जाणाऱ्याला पैसे मिळाले. तुमच्या अडीच गुंठ्यावाल्याला यातलं काय मिळतं? नुसता नकाशा.

---

प्रयागतीर्थ | मंगळवार, सकाळी ६:३०

कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडचा आहे. आम्हाला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिलेत. कागदावर सुटलेला प्रश्न. पण रान, म्हशी, नदी सगळं इकडं. सकाळी चारला धार काढायला सोनतळीवरनं कोण येणार? पुरात तिकडं जातो, ओसरला की परत.

टेकाड गोठ्यासकट मिळालं असतं तर आम्हीबी गेलो असतो.

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, सकाळी ९:००

वाचनखूण साठवली. इतका शांत धागा बघून भीती वाटतेय, अजून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं भांडण कसं निघालं नाही?

---

पाटकरी | मंगळवार, सकाळी ९:१२

काढू नका. चारशे प्रतिसाद होतील आणि ताईंची यादी तशीच राहील.

---

माणदेशी | मंगळवार, दुपारी १२:४५

तुम्हाला पाणी जास्त म्हणून रडू, आम्हाला नाही म्हणून. पण गणित तेच.

आमच्याकडे ऑक्टोबरात एकच निर्णय: रब्बीला काय टाकायचं. हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी लावलेली पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पाऊसकाळ संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, प्यायचं आणि जनावरांचं आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात पिकं ठरवायची. ऊस-केळीला बंदी, शेतीला बोअर नाही. लोक बंदीचं कौतुक करतात. माझ्या मते खरी करामत पर्जन्यमापकाची. तो गावात आहे, गावच वाचतं, म्हणून आकड्यावर भांडण होत नाही. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे दहा हजार लिटर, हे शाळकरी पोरगंही करतं.

राज्याच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) योजनेत (२०१८ पासून) मुंबईच्या आयआयटीने गावनिहाय ताळेबंदाचं गणित बसवून दिलं, त्यात जमिनीचा प्रकार, उतार, पीक सगळं धरलं. गणित चांगलं आहे. पण एका गावात मी ताळेबंद बघायला मागितला तर शेजारच्या गावाचा निघाला, नाव खोडून आपलं घातलेलं! पाणी शिल्लक दाखवत होतं आणि टँकर दारात उभा. ग्रामसभेला कोणी मोठ्याने वाचलाच नव्हता तो कागद.

तेव्हा ताई, तुमचा तक्ता कितीही बरोबर असू द्या, पट्टी गावाने स्वतः वाचली पाहिजे. दुसऱ्याने वाचलेल्या पट्टीवर म्हशी कोणी सोडत नाही.

---

चुलीपुढची | मंगळवार, रात्री ९:३०

पहिल्यांदाच लिहितेय. माहेर शिरोळ तालुक्यात.

बैठकीला बाया आठ-नऊ आणि दाराजवळ, हे वाचून लिहावंसं वाटलं. मोटार कधी काढायची ते पुरुष ठरवतात, पण म्हैस कधी सोडायची ते धार काढणारी ठरवते. धान्य माळ्यावर टाकायचं, रेशनकार्ड आणि बँकेची पासबुकं पिशवीत बांधायची, सासूच्या गोळ्या, गाभण शेळी, हे कोणत्याच मीटिंगमध्ये निघत नाही. तुमच्या यादीत तरी घाला.

दुसरं, ॲप-बिप राहू द्या. पुरात लाइट जाते, मोबाइल बंद. पण दूध डेअरीला माणूस सकाळ-संध्याकाळ जातंच, अगदी पाणी वेशीत असेपर्यंत. जे काही सांगायचं ते डेअरीच्या भिंतीवर लिहा. दुधाच्या फॅट आणि एसएनएफच्या आकड्यांच्या शेजारी. ते आकडे बायका वाचतात आणि चुकलेले असले तर भांडतातही.

---

मान्सूनवेडा | मंगळवार, रात्री ९:५०

फॅटच्या शेजारी पूर! हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

---

कृष्णाकाठची | पुढचा सोमवार, रात्री १०:२०

शनिवार-रविवार परत गावी गेले होते. या वेळी नुसता मीटरटेप घेऊन.

घरोघरी २०१९ च्या पाण्याची खूण आहे, कोणी ऑइलपेंटने, कोणी खिळ्याने ओढलेली. माझी चुलती म्हणाली, "पाणी सगळीकडं सारखंच हुतं की, मग त्या खुणंपासनं खाली मोज." इतकं साधं! पूर म्हणजे गावभर ओढलेली एकच आडवी रेघ. मशीन नको, नकाशा नको. आयर्विनला त्या वर्षी कमाल ५७ च्या वर. सोयीसाठी ५७ धरले आणि त्यातून खुणेखालची खोली वजा केली. शाळेतली पाच पोरं, दोन बचतगटाच्या बायका आणि मी, दोन दिवसांत ३४ जागा मोजल्या.

देवळाची खालची पायरी, डेअरीचं जोतं, दलित वस्तीतलं पहिलं घर, अंगणवाडी. आणि ओढ्यावरचा फरशी पूल. तिथे खूण नाही, पण शेजारच्या विजेच्या खांबावर गाळाची रेघ अजून दिसते. खुणेखाली १४ फूट. म्हणजे आयर्विनला ४३ होतात तेव्हा आमचा रस्ता पाण्याखाली. धोक्याची पातळी ४५. जाहीर धोका सुरू होतो तेव्हा आमच्याकडे फरशीवर दोन फूट पाणी असतं!

आजोबांना सांगितलं. म्हणाले, "आमास्नी वाटायचं, आपुनच आळशी."

चुलीपुढची, तुमची यादी घेतली. पासबुकं आणि गोळ्या ४० च्या ओळीला लिहिल्यात. मोटारी ३० ला, त्याला सातारा घाटाचा लाल इशारा जोडलाय: तो असला तर ३० ची वाट बघायची नाही. जनावरं ३८ की ४० यावर अजून भांडण चालू आहे, आणि बायका ३८ म्हणतायत. ज्या तीन घरांना गावाबाहेर पाहुणेच नाहीत त्यांच्या म्हशी कुठे जाणार, हे ठरलेलं नाही. सरपंचांनी कारखान्याच्या बैलगाडी अड्ड्याची जागा मागायची म्हटलंय.

आपल्या घाटावर वेगळी पट्टी लावायची ठरली. पोरं दोन वेळा वाचणार, डेअरीच्या भिंतीवर लिहिणार, शेजारी बहे आणि ताकारीचा आकडा. तीन-चार पावसाळे नोंदी झाल्या की मग मी माझं संशोधन करीन.

पाटकरी काका, एक शंका आहे. पाण्याचा पृष्ठभाग खरंच इतका सपाट धरता येतो का?

---

पाटकरी | पुढचा सोमवार, रात्री १०:५५

गावापुरता धरता येतो, नदीला उतार असतो पण अर्ध्या-पाऊण किलोमीटरात तो तुमच्या टेपच्या चुकीएवढाच. आयर्विनपर्यंत मात्र नाही. तिथे २०१९ चं नातं दर पुराला तसंच राहील असं धरू नका. वारणा फुगलेली असली तर वेगळं, नसली तर वेगळं. म्हणून ४३ ला "४२ ते ४४" असं लिहा, आणि घाटावरच्या पट्टीची नोंद सुरू झाली की आयर्विनचा आकडा हळूहळू भिंतीवरून पुसून टाका.

फरशी पुलाची खोली गाळाच्या रेघेवरून काढलीत ते मला पटलेलं नाही. गाळ लाटेने वर चढतो. येत्या शनिवारी मी मिरजेला येतोय. जुनी डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आहे घरात, घेऊन येतो. स्टाफ, म्हणजे मोजायची उभी काठी, धरायला एक उंच पोरगा बघून ठेवा, आणि पट्टी रंगवायची घाई करू नका तोवर.